तिथे करमतं का?

टोकियोहून नाशिकला गेले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न येतोच. विचारणारी कधी मावशी असते, कधी पंचवटीतली जुनी शेजारीण, पण शब्द तेच, “तिथे करमतं का गं तुम्हाला?” आणि ‘हो’ म्हटले की पाठोपाठ, “मग सुट्टीला फुजी वगैरे बघायला जात असाल!” या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर लिहिते. सात वर्षांत फुजीच्या पायथ्याशी आम्ही एकदाच गेलो, तेही सासूबाई आल्या होत्या म्हणून, आणि त्या दिवशी ढगांनी डोंगर दिसू दिला नाही. आमच्या बहुतेक सहली घरापासून सायकलने वीस मिनिटांच्या आत संपतात, आणि करमते ते त्या सहलींमुळेच.

आम्ही टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाईमध्ये राहतो. इथे भारतीय माणसे वसली त्यामागची कारणे अगदी व्यवहारी आहेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘वाय-टू-के’च्या, म्हणजे सन २००० लागताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या कामासाठी भारतातून संगणक अभियंते आले; त्यांची कार्यालये असलेल्या ओतेमाची, कायाबाचो भागात इथून तोझाई मार्गाची मेट्रो थेट जाते; आणि यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत घर घ्यायला जपानी जामीनदार लागत नाही. या शेवटच्या कारणाचे मोल आम्हाला पहिल्या पंधरवड्यातच कळले. एका दलालाने घर दाखवून आमच्यासमोर मालकाला फोन लावला आणि मग कमरेत वाकून, ‘परदेशी भाडेकरू नकोत म्हणतात’ हे इतक्या अदबीने सांगितले की आम्हाला चिडायलाही जागा उरली नाही.

रविवारी सकाळी धाकट्याला सायकलच्या मागच्या आसनावर बसवून आम्ही बहुतेक वेळा ग्योसेन उद्यानात जातो. तिथे प्रभागाचे छोटे प्राणिसंग्रहालय आहे आणि त्याला तिकीट नाही. गिनी पिग मांडीवर घेऊन बसायला मिळते, लाल पांडा फांदीवर झोपलेला दिसतो, आणि शेजारच्या जपानी बागेतल्या तळ्याकाठी डबा उघडता येतो. सासूबाईंना फुजीपेक्षा हीच जागा आवडली, कारण इथे बसायला बाक होते आणि कोणी घाई करत नव्हते.

हवा चांगली असली तर दक्षिणेला समुद्राकाठी कासाई रिनकाई उद्यानाकडे निघतो. १९८९ साली उघडलेल्या तिथल्या मत्स्यालयात काचेच्या घुमटाखालून सरकत्या जिन्याने खाली उतरावे लागते. मोठ्यांना ७०० येन, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट, त्यामुळे आमच्या चौघांचे १४०० येनमध्ये भागते. बांगडीच्या आकाराच्या प्रचंड टाकीत टूना मासे न थांबता फेऱ्या मारत असतात. त्यांच्यासमोर उभे राहिले की आजूबाजूच्या आजी-आजोबांच्या तोंडून हमखास ‘ओइशिसोऽऽ’ असा उद्गार निघतो, म्हणजे ‘काय चविष्ट दिसतोय!’. आम्ही शाकाहारी. पहिल्यांदा हा उद्गार ऐकून मी मुलीचा हात घट्ट धरला होता. आता तीच काचेला नाक लावून तसे म्हणते आणि माझ्याकडे वळून हसते. बाहेरच्या पेंग्विनांपैकी एक २०१२ च्या मार्चमध्ये कुंपणापलीकडे निसटला आणि टोकियोच्या उपसागरात ८२ दिवस मनसोक्त फिरून मे महिन्यात धडधाकट सापडला, ही गोष्ट मुलांना इतकी प्रिय आहे की दर खेपेला ‘तो कोणता?’ हे ओळखण्यात अर्धा तास जातो.

आठवड्याचे दिवस याहून साधे, पण कष्टाचे. मुलगी इथल्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याच्या जेवणाचा तक्ता घरी येतो आणि मी फोनचा कॅमेरा त्यावर धरून ओळ न् ओळ वाचत बसते, कारण वरवर निव्वळ भाजीचे दिसणारे सारसुद्धा बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाच्या अर्कात शिजवलेले असते. म्हणून ती डबा नेते. वाढण्याची पाळी मात्र मुलांचीच असते. तिची आली की पांढरा अंगरखा आणि टोपी घालून ती सगळ्या वर्गाला मासळी वाढते आणि मग जागेवर जाऊन स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी खाते. सुरुवातीला माझ्या पोटात तुटत असे, पण तिला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही आराकावाच्या बांधावर जातो. दिसायला ही नदी असली, तरी हे पात्र माणसांनी खणलेले आहे. १९१० च्या महापुरानंतर टोकियो वाचवण्यासाठी सुमारे २२ किलोमीटर लांबीचा हा प्रवाह काढला गेला आणि काम १९३० साली पुरे झाले. पनामा कालव्यावर राबून आलेला आकिरा आओयामा हा अभियंता त्याच्या प्रमुखांपैकी एक. बांधावरून सायकल हाकताना एका अंगाला पाणी दिसते, दुसऱ्या अंगाला खाली घरांची छपरे, आणि कोण कोणाच्या वर आहे ते न सांगता कळते. प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला लागले यावरून गोदावरीचा पूर जोखणाऱ्या गावातून आलेल्या मला हे हिशेब चटकन उमगतात.

२०१९ साली प्रभागाने घरोघरी पूरनकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर ‘इथे थांबू नका’ अशा अर्थाचे वाक्य छापलेले होते, म्हणजे मोठा पूर येणार असेल तर प्रभागच सोडून जा. पुष्कळांना हे झोंबले. मला मात्र असे रोखठोक बोलणारे प्रशासन विश्वासाचे वाटले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हगिबिस वादळ आले, तेव्हा आम्ही तीन वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत रात्र काढली. लाकडी जमिनीवर निळे ताडपत्री कापड अंथरलेले होते आणि शेजारच्या कुटुंबाने न मागता आपले एक पांघरूण आमच्याकडे सरकवले. बांध टिकला, सकाळी आम्ही घरी आलो आणि मी पोहे केले.

सासूबाईंना त्या नकाशाचा अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “सरकारच जा म्हणतंय, तर राहता कशाला?” मला काही धड उत्तर सुचले नाही. दाराशी एक पाठपिशवी कायम भरलेली असते. तिच्यात पाणी, विजेरी, पासपोर्टच्या प्रती, धाकट्याचे कपडे असतात, आणि दर सप्टेंबरला आम्ही सगळे जमिनीवर बसून तिच्यातल्या वस्तूंच्या तारखा तपासतो. नाशिकहून आलेल्या चिवड्याचे एक पाकीट मुलगी दर वर्षी आठवणीने त्यात ठेवते, पण ते दिवाळीपर्यंत कधी टिकलेले नाही.