नागेश्वरची बांगडी आणि झुरिकचं मशीन

बडोद्याच्या दांडिया बाजारातून येणारा प्रश्न ठरलेला: "नागेश्वरच्या शंखाच्या बांगडीचं वय तुमच्या झुरिकच्या मशीनवर कळेल ना?" सौराष्ट्र किनाऱ्यावरचं हे हडप्पाकालीन ठिकाण आपल्या सयाजीराव विद्यापीठाने खणलेलं, म्हणून ही आपुलकी. कळेल, आणि बांगडीचा चुराही करावा लागणार नाही. जीव मेला की त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ ठरलेल्या गतीने घटत जातो; मशीन उरलेला मोजतं, त्यावरून वय. शंखात वजनाच्या सुमारे १२ टक्के कार्बन असतो. मशीनला एक मिलिग्रॅम कार्बन लागतो. दहाएक मिलिग्रॅमचा कपचा पुरे.

आधी क्ष-किरणांनी तपासणी. शंख मुळात कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, म्हणजे अ‍ॅरागोनाइटचा. त्यात कॅल्साइट हे दुसरं रूप दिसलं तर जमिनीतल्या पाण्याने तो विरघळून पुन्हा जमलाय, सोबत परका कार्बनही आलाय, असं धरून नमुना बाद. चांगला निघाला तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचा थर घालवायचा, मग फॉस्फोरिक आम्ल. निघणारा कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनबरोबर लोखंडाच्या भुकटीवर ५५०-६०० अंश सेल्सिअसला तापवला की काळं ग्रॅफाइट मिळतं. तयार होणारी पाण्याची वाफ गोठवून बाजूला काढली नाही, तर काम अर्धवट राहतं.

ही पूड अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या कॅथोडमध्ये ठासतात. त्यावर सीझियमचा मारा केला की ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे अणू, उडतात. कार्बन-१४च्याच वजनाचा नायट्रोजन-१४ इथेच गळतो, त्याचा ऋण आयन टिकतच नाही. पण कार्बन-१३ला हायड्रोजन चिकटला तरी वजन १४च! म्हणून झुरिकच्या ईटीएच या तंत्र-विद्यापीठातल्या मिकाडास यंत्रात सुमारे २०० किलोव्होल्टने वेग देऊन आयन विरळ वायूतून काढतात. धडकांनी असले रेणू फुटतात. शेवटी कार्बन-१४चे अणू एकेक करून मोजायचे. आजच्या कार्बनमध्येही तो लाख कोटींत एखादाच.

शंखाला खरा दगा समुद्र देतो. खोल पाण्यातला जुना कार्बन कवचात गेल्याने वय सरासरी ४०० वर्षं जास्त दिसतं, आणि हा फरक किनाऱ्यागणिक बदलतो. म्हणून ताडून पाहायला त्याच थरातलं जळकं धान्यही हवं; त्याचा कार्बन हवेतला. सागाचा कोळसा नको. खोडाचा गाभा तोडण्याआधीच शेकडो वर्षांचा असू शकतो.

धान्य वर्तमानपत्राच्या पुडीत बांधू नका. एक टक्का ताजा कार्बन शिरला तर ५००० वर्षांचा दाणा सत्तरेक वर्षं तरुण ठरतो. पेट्रोलियमपासून केलेला गोंद तेवढाच लागला, तर ऐंशी वर्षं म्हातारा. शंखाला गोंद तितका नडत नाही; फॉस्फोरिक आम्ल वायू काढतं तो कार्बोनेटमधून. दाणा मात्र अख्खा जाळतात. कोरडा करून अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये, मग पिशवीत, चिठ्ठी बाहेरून.

आणि झुरिकच कशाला? पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर काढता येत नाही, १९७२चा कायदाच आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात हेच काम होतं.