छत्रीवाले आणि पर्सवाले

व्हेनिसमध्ये एका बाईने माझ्या नवऱ्याला छत्रीचा भाव विचारला.

मी स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. तो बाहेर कमानीखाली त्याची छत्री, माझी छत्री आणि सकाळी वाऱ्याने उलटी होऊन मोडलेली तिसरी छत्री अशा तीन छत्र्या हातात धरून उभा होता. बाई अमेरिकन असावी. "हाउ मच?" म्हणाली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्याला आधी कळेचना. कळल्यावर जो धुमसायला लागला तो संध्याकाळपर्यंत. "मी काय बांगलादेशी दिसतो का?"

आता खरं सांगायचं तर दिसतो. मीही दिसते. व्हेनिसमध्ये पावसाचे चार थेंब पडले की दोन मिनिटांत प्रत्येक पुलाच्या पायथ्याशी आपल्यासारखाच दिसणारा एक माणूस छत्र्यांचा जुडगा घेऊन उगवतो. ऊन पडलं की त्याच्याच पिशवीतून सेल्फी-स्टिक निघतात आणि रात्री हॉटेलांच्या टेबलांभोवती गुलाब. आमच्या तीनपैकी दोन छत्र्या त्याच्याकडूनच घेतलेल्या. बाईची काहीच चूक नव्हती. पण "बांगलादेशी" हा शब्द ठाण्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठल्या सुरात येतो ते मला माहीत आहे, आणि नवऱ्याच्या रागात तो सूर होता. मी काही बोलले नाही. मीही त्या ग्रुपवर आहे आणि तिथेही कधी काही बोललेले नाही.

राहायला आम्ही मेस्त्रेला होतो. घरी सगळ्यांना "व्हेनिसला राहिलो" असंच सांगितलं आहे, तेव्हा हे वाचणाऱ्या नातेवाइकांनी समजून घ्यावं. व्हेनिसच्या बेटावर राहण्याचे दर बघितले आणि गुपचूप पुलाच्या अलीकडे खोली घेतली; ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात. मेस्त्रे त्याच महापालिकेत असल्यामुळे एक दिवसाच्या पाहुण्यांकडून घेतात तो पाच युरोंचा प्रवेशकर आम्हाला माफ होता. मात्र तो माफ आहे हे कळवण्यासाठी वेगळा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. ह्याने तो तीनदा भरला.

त्याआधीचे तीन दिवस फ्लॉरेन्सला गेले. पुतळे पाहिले, पाय सुजले.

तर पर्स. दुसऱ्या दिवशी दुपारी लगूनच्या काठाने चालताना एका पांढऱ्या चादरीवर पर्स मांडलेल्या दिसल्या. मोठमोठ्या कंपन्यांची नावं असलेल्या, अर्थातच नकली. विकणारा सहा फुटांचा सेनेगाली तरुण. साठ म्हणाला, मी वीस म्हटलं. बरोबर चाललेल्या एका गुजराती कुटुंबातल्या काकूंनी मला हळूच "पंधरा से स्टार्ट करना था" असा सल्लाही दिला. पंचवीसला जुळत आलं. मी तपकिरी रंगाची एक पर्स उचलून चेन पुढे-मागे करून बघत होते, नवरा पाकीट काढत होता, इतक्यात कुठूनतरी शिट्टी वाजली.

ठाणे स्टेशनबाहेर "गाडी आली" अशी आरोळी उठते आणि क्षणात फूटपाथ मोकळा होतो, ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. पण याचा वेग वेगळाच होता. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या आणि त्या एका हातात आणून ठेवलेल्या. त्याने त्या नुसत्या ओढल्या, चादरीचं गाठोडं झालं, ते पाठीवर टाकून तो पळत सुटला. शेजारचे चौघंही. दहा सेकंदांत रस्ता रिकामा, आणि मी हातात पर्स धरून मधोमध उभी. पैसे न दिलेली नकली पर्स. समोरून दोन पोलीस येताहेत आणि नवरा दातओठ खात म्हणतोय, "ठेव, ठेव खाली!" इटलीत नकली माल घेणाऱ्यालाही दंड होतो, सात हजार युरोंपर्यंत होऊ शकतो, हे त्याने निघण्यापूर्वीच वाचून ठेवलेलं. मी काय केलं? खांद्याला अडकवली आणि चर्चकडे बघत उभी राहिले. पोलीस गेले. तो तरुण काही परत आला नाही. आम्ही अर्धा तास थांबलो, मग पाऊस आला, आणि मी चोरीची म्हणावी तर चोरीची नाही, विकतची म्हणावी तर विकतची नाही अशी पर्स घेऊन मेस्त्रेला आले.

आमच्या खोलीपासून दोन मिनिटांवर, व्हिया पियावे या रस्त्यावर, एक बांगलादेशी दुकान होतं. इटालियनमध्ये 'अलिमेंतारी', आपल्या भाषेत वाणसामान. पहिल्या रात्री दही-भाताच्या आशेने शिरलो आणि मग रोजच जायला लागलो. दुकानदार आम्हाला "दादा", "दिदी" म्हणायचा आणि त्याच्या लोकांना "भाई". गाव शरियतपूर. इटलीतले बांगलादेशी तिथून, मादारीपूरहून किंवा किशोरगंजकडून भरपूर आलेत, असं तोच म्हणाला. गल्ल्यावर त्याची तेरा-चौदा वर्षांची मुलगी शाळेचा अभ्यास घेऊन बसलेली असायची.

त्या संध्याकाळी मी तिथे तांदळाच्या पोत्यांपाशी उभी होते आणि माझ्या शेजारच्या माणसाने पाच किलोची पिशवी उचलली. बघते तर कणी! अख्खा तांदूळ शेजारी असताना माणूस मुद्दाम कणी घेतोय. माझी आजी कोंबड्यांना घालायची, आणि कोणी आजारी असलं तर पेज. मी दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, सेनेगाली लोकांना हीच लागते, मासळी आणि भाज्यांच्या रसात शिजवतात. फ्रेंचांनी त्यांच्या इंडोचायनातल्या वसाहतींतून उरलेला तुकडा तांदूळ सेनेगलला नेऊन ओतला आणि पुढे त्याचीच गोडी लागली. २०२२ साली भारताने कणीची निर्यात बंद केली होती, तेव्हा त्यांच्याकडे पंचाईत झाली, कारण आपली कणी ते बरीच घ्यायचे. पुढच्या फडताळात शुटकी, म्हणजे बंगाल्यांची सुकी मासळी होती आणि तिच्या शेजारी सेनेगाल्यांची 'गेज' नावाची वाळवलेली मासळी. दोन्हींचा वास आमच्या देवगडच्या घरातल्या पोटमाळ्यासारखा. नवरा बाहेर जाऊन उभा राहिला.

कणी घेणाऱ्या त्या माणसाची नजर माझ्या खांद्यावरच्या पर्सवर गेली. तो हसला. मी सगळी हकिगत सांगून टाकली, इंग्रजीतून, आणि मुलीने ती इटालियनमध्ये त्याला सांगितली. पुढचा तासभर ही मुलगी आमची दुभाषी होती. तिच्यात एक मोठा दोष होता. ती सगळंच भाषांतर करायची.

दुकानदार म्हणाला, बघा दिदी, हे लोक आमच्याही आधीपासून इथे आहेत, फ्रान्सने यांना व्हिसा सक्तीचा केला तेव्हापासून, आणि अजून चादरीवर. मी आलो, गुलाब विकले, छत्र्या विकल्या, सहा वर्षं हॉटेलात भांडी घासली, आणि आता हे दुकान माझं. यांच्याकडे पैसा आला की गावाला घर बांधतात आणि उरला तर त्यांच्या पीराच्या मशिदीला. मुलीने हे जसंच्या तसं सांगितलं. तो माणूस चिडेल असं वाटलं, पण त्याने पिशवी खाली ठेवली आणि बोटं मोजायला लागला.

एक, तो स्वतः चादरवाला नाहीच. पादोव्याजवळ एका गोदामात त्याची कायम नोकरी आहे, दरमहा पगाराची चिठ्ठी मिळते. उत्तर इटलीतले बरेचसे सेनेगाली कारखान्यांत, चामड्याच्या उद्योगात नाहीतर गोदामांत आहेत, पण पर्यटकांना कारखाना दिसत नाही, चादर दिसते. (हे मला लागलं.) दोन, हा दुकानदार सकाळी आठला उघडतो आणि रात्री अकराला बंद करतो, तर तासाला किती पडले हे त्याने एकदा मोजावं. तीन, दुकानातला मुलगा कागदावर चार तास आणि प्रत्यक्षात दहा तास काम करतो. इथे मुलगी क्षणभर थांबली, बापाकडे बघितलं, आणि तेही सांगून टाकलं. बाप बंगालीत तिच्यावर काहीतरी डाफरला. आतल्या बाजूला कांद्याची पोती लावणारा मुलगा मात्र खाली मान घालून हसत होता.

काउंटरमागे पैसे पाठवण्याच्या खिडकीवर एक पांढरा फळा होता. त्यावर त्या दिवसाचे भाव. टका म्हणजे बांगलादेशचं चलन; त्याचा आकडा पुसून पुसून तिथला फळा करडा झालेला. सेनेगलच्या फ्रँकचा आकडा मात्र रंगाने लिहिला असता तरी चाललं असतं, कारण युरो आल्यापासून तो एका युरोला ६५५.९५७ असा बांधलेला आहे. बँकेतल्या माणसाला एवढं पुरे. नवरा शुटकीचा वास विसरून आत आला. टका २०२२ च्या सुरुवातीला युरोला शंभराच्या आत होता, आता एकशेतीसच्या पलीकडे गेलाय. म्हणजे दुकानदाराचा युरो गावात दरवर्षी फुगतो, वर त्याचं सरकार बँकेतून आलेल्या शंभर टक्यांना अडीच टके बक्षीस देतं. गोदामवाल्याचा युरो होता तेवढाच. इटलीतून बाहेर जाणाऱ्या पैशांत अलीकडे बांगलादेश पहिल्या नंबरावर असतो, सेनेगलही पहिल्या दहांत. नवऱ्याने निकाल दिला, बांगलादेशी पुढे.

मग तो गोदामवाला म्हणाला, की याची बायको आणि तीन मुलं इथे, माझं सगळं घर सेनेगलमध्ये, तूबाला. याच्या घरची तोंडं युरोत खातात, माझ्या घरची फ्रँकमध्ये. पगार येतो तो एकच. मुलीने हे सांगून स्वतःहून पुढे जोडलं, "माझी आई बाहेर काम करत नाही." त्यावर दुकानदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, शरियतपूरची अर्धी जमीन दलालाला दिली तेव्हा मी इथे पोचलो, ती सोडवून घ्यायला नऊ वर्षं गेली. आता मुलांना लंडनला पाठवायचं. इटालियन पासपोर्टवर पूर्वी सरळ जाता यायचं, ब्रेक्झिटने तो रस्ता बंद केला. मुलीने हे मात्र भाषांतर केलं नाही. तिला लंडनला जायचं नसावं.

गोदामवाल्याचं तूबातलं घर बारा वर्षं चाललंय. एका वर्षी एक खोली, एका वर्षी नुसतं छत. फोनवर फोटो दाखवले. सळया वर निघालेल्या, कोकणात मुंबईकरांची घरं असतात तशीच. त्याचा एक भाऊ फ्लॉरेन्सला चादर लावायचा. १३ डिसेंबर २०११ ला तिथल्या बाजारात उजव्या अतिरेकी विचारांच्या एका इटालियनने दोन सेनेगाली विक्रेत्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा त्याने धंदा सोडला. २०१८ च्या मार्चमध्ये वेस्पुची पुलावर आणखी एकाला मारलं. त्या पुलावर आम्ही तीन दिवसांपूर्वी आइस्क्रीम खात फोटो काढले होते. दुकानदार म्हणाला, आम्हालाही काय कौतुक आहे? मोनफाल्कोनेला आमची माणसं जहाजं बांधतात आणि तिथे गावात क्रिकेट खेळलं तर दंड. एका बाजूला गोळ्या आणि एका बाजूला क्रिकेट, हे काही एका तराजूत घालण्यासारखं नव्हतं, पण तो ज्या पोटतिडिकीने बोलला त्यावरून क्रिकेट त्याला खरंच लागलेलं होतं.

शेवटी पर्स. मी पंचवीस युरो काढून काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, त्या मुलाला पोचवता येतील का? गोदामवाल्याने फोनवर वोलोफ या त्यांच्या भाषेत एक लांबलचक आवाजी निरोप सोडला. व्हेनिस-पादोव्यातले तूबाच्या पीराचे भक्त एका मंडळात आहेत, दर महिन्याला वर्गणी, कोणी वारलं तर मृतदेह गावी पाठवायचा खर्च मंडळाचा. लगूनच्या काठावर तपकिरी पर्स गमावलेला मुलगा सापडायला उद्या सकाळपर्यंत वेळ लागेल म्हणाला. नवरा मराठीत पुटपुटला, "पाच युरोंची पण नाहीये ती." मुलीने विचारलं, अंकल काय म्हणाले? मी म्हटलं, पाऊस थांबला का बघताहेत.

गोदामवाला दुकानदाराला म्हणाला, हे पैसे माझ्या नावावर मांड, मी त्याला देईन. दुकानदाराने काउंटरखालून उधारीची वही काढली. लांब, लाल कापडी पाठीची, अगदी आमच्या नौपाड्यातल्या वाण्याकडची. एका पानावर कण्यांचे, तेलाचे, मासळीचे आकडे एकाखाली एक. त्याने शेवटच्या ओळीखाली बंगालीत काहीतरी लिहिलं. मला फक्त आकड्यातला दोन ओळखू आला, पाच त्यांचा वेगळाच असतो. मग त्याने खाली एक रेघ ओढली आणि वजाबाकी केली.

मी मुलीकडे बघितलं. ती भूगोलाच्या पुस्तकात डोकं घालून बसली होती.

पर्सची चेन गणपतीत तुटली.