बेळगावचे बारा कधी वाजतात?

भर बाराला वेशीबाहेर जाऊ नये, पिंपळाखाली थांबू नये, असं बेळगाव-खानापूरकडच्या घरांत अजूनही बजावतात. आता ही बाराची भुतं नेमकं कुणाचं घड्याळ बघतात, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण बेळगावात घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा वर्षातल्या एकाही दिवशी एकत्र वाजत नाहीत.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. १९०६ पासून ती चालू आहे. बेळगाव आहे ७४.५ अंशांवर, म्हणजे आठ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, तेव्हा आपली मध्यान्ह सरासरी ३२ मिनिटं उशिरा, साडेबाराच्या किंचित पुढं. बिदरकरांचा उशीर वीसच मिनिटांचा. एकाच राज्याच्या दोन टोकांना मराठी बोलणारी ही माणसं, पण त्यांच्या दुपारी बारा मिनिटांच्या अंतरानं होतात.

बरं, ३२ हा आकडाही स्थिर नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळं जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याजवळ असताना ती वेगानं धावते आणि जुलैत रेंगाळते. त्यात तिचा आस २३.४ अंशांनी कललेला. दोन्हींचा मिळून परिणाम असा की फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावची मध्यान्ह १२.४६ पर्यंत लांबते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१६ वर येते. थंडीच्या दिवसांत पहाट सरता सरत नाही, त्याचं कारणही हेच. सर्वांत छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा, सव्वाअकरा तासांहून थोडा कमी. पण सूर्योदय त्यानंतरही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागं मागंच सरकत राहतो. संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात ते खरं, फक्त ती वाढ सगळी संध्याकाळच्या खात्यात जमा होते. सकाळच्या शाळेला निघणाऱ्या पोरांच्या पदरात त्यातलं काही पडत नाही.

आपल्या गावची मध्यान्ह स्वतः काढायची तर एक सरळ काठी पुरते. जुन्या ज्योतिषात हिला शंकू म्हणतात. जमिनीवर एक मीटर उंच राहील अशी ती रोवावी आणि गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून उभी आहे ना ते बघावं. जमीन सपाट हवी, आणि गाडं इथंच अडतं. अंगण किंवा गच्ची पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. त्यापेक्षा एक जुनी फळी पाणसळ लावून बसवलेली बरी. दहाच्या सुमारास सावलीचं टोक जिथं असेल तिथून काठीभोवती दोरीनं वर्तुळ आखायचं आणि वेळ टिपायची. सावली आखडत जाते, मग पुन्हा लांबते आणि तीनच्या आसपास वर्तुळाला परत शिवते. तीही वेळ टिपायची. दोन वेळांच्या बरोबर मधे मध्यान्ह. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा, होकायंत्राशिवाय.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र एका वर्तुळावर विसंबू नये. दुपारी दोन वाजले की वळवाचे ढग चढतात आणि दुसरी खूण हुकते. दहा, साडेदहा, अकरा अशी तीन वर्तुळं आखून ठेवली तर एखादं तरी हाती लागतं. काठी जितकी उंच तितकं माप अचूक, हाही एक गैरसमज. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळं एका मीटरच्या काठीचं सावलीटोक भर दुपारी नऊ-दहा मिलिमीटर पुसट असतं, तर दहा मीटरच्या झेंड्याच्या खांबाचं चांगलं नऊ-दहा सेंटिमीटर. त्यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवणं. मग सावलीत सूर्याचा लहानसा गोल उमटतो, त्याचा मध्य धरायचा.

एक मीटरच्या काठीची बेळगावातली मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला ८२ सेंटिमीटर, उत्तरेकडं. २१ मार्चच्या सुमारास २८ सेंटिमीटर. पंचांगातली पलभा ती हीच, फक्त तिथं शंकू बारा अंगुळांचा धरतात. बेळगावची पलभा येते ३ अंगुळं २४ व्यंगुळं (साठ व्यंगुळांचं एक अंगुळ). आणि २१ जूनला सावली १३ सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडं! कारण तोवर सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलेला असतो.

याच मार्चच्या सावलीवरून पृथ्वीही मोजता येते. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये मोजली, तशीच, दोन गावांच्या सावल्यांतल्या फरकावरून. पण बेळगाव आणि खानापूर अशी शेजारची गावं घेऊन नाही. तिथला फरक त्या पुसट टोकातच बुडून जातो. निपाणी-खानापूर जोडीतही फरक जेमतेम १४ मिलिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटर चुकले की पृथ्वीच पाचव्या हिश्शानं लहान किंवा मोठी होऊन बसते. बिदर-बेळगाव जोडी चांगली. फरक जवळपास चार सेंटिमीटर, त्यावरून निघणारा दोन्हीकडच्या उन्हाच्या तिरपेपणातला फरक दोन अंशांहून थोडा जास्त, दक्षिणोत्तर अंतर २२९ किलोमीटरच्या घरात. अंतराला अंशांनी भागलं की अंशाला १११ किलोमीटर, त्याला ३६० नं गुणलं की झालं. मोटारीच्या रस्त्याचं अंतर मात्र घ्यायचं नाही, आणि दोघांनी आपापल्या मध्यान्हीला मोजायचं, एका घड्याळावर नाही.

सूर्य खरोखर डोक्यावर येतो ते दिवस वर्षात दोनच. कारवारला ३० एप्रिलच्या आसपास, खानापूरला ३ मे, बेळगावला ३-४ मे, निपाणीला ५-६ मे, बिदरला ११ मेच्या सुमारास. आपल्याकडं वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची धामधूम असते, त्याच हंगामात हे दिवस येतात. बेळगावात साडेबाराच्या आत मिनिटभर, उलटा ठेवलेला पेला स्वतःच्या सावलीवर बरोबर बसतो. दुसरा दिवस ९ ऑगस्ट, १२.३७ च्या सुमारास. तो कागदावरच. घाटमाथ्यावरच्या जांबोटी-कणकुंबीकडं त्या पावसाच्या दिवसांत सूर्य दिसला तर तीच बातमी.

सौर हीटर बसवणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवायची तारीख मेमधली नाही, डिसेंबरातली आहे. मिस्त्री येतो, भर उन्हाळ्यात गच्चीवर सावली नाही असं बघून पेटी ठोकून जातो. दिवाळीनंतर दक्षिणेच्या टाकीची किंवा शेजारच्या भिंतीची सावली तिच्यावर चढते, आणि गरम पाणी जेव्हा खरं हवं तेव्हाच कोमट येतं. हिशेब सोपा आहे. थंडीत दहा ते तीन पूर्ण ऊन हवं असेल, तर दक्षिणेची भिंत पेटीच्या खालच्या कडेपेक्षा जितकी उंच, निदान तितकं अंतर मधे सोडायचं. पेटीचं तोंड दक्षिणेला ठेवायचं आणि ती दक्षिण दुपारी बाराच्या सावलीवरून ठरवायची नाही. बाराला सूर्य अजून पूर्वेकडंच झुकलेला असतो. मिस्त्रीला जेवून यायला सांगावं.