वेल झोपते कधी? आमच्या वायनरीची वाटचाल

आमच्या घरात वाइन पिणारं कुणी नाही. आण्णा माळकरी, वारी चुकवत नाहीत. आई अजूनही वायनरीला ‘तो कारखाना’ म्हणते आणि पाहुण्यांनी ‘कसला?’ विचारलं की ‘द्राक्षाचा’ म्हणून विषय संपवते. तरी 2013 पासून दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या साडेसात एकरांतली द्राक्षं बाटलीत जाताहेत.

त्याआधी आम्ही खायच्या द्राक्षांचे बागायतदार. थॉमसन, सोनाका, शेवटी शेवटी थोडी शरद. 2001 मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. विंचूरला वाइन पार्क झालं. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन त्याच सुमारास, 2000 मध्ये बाजारात आली होती. मग वाइन कंपन्यांचे गावोगाव बागायतदारांशी करार सुरू झाले. 2006 मध्ये मी चार एकर सोनाका काढून शिराझ आणि शेनिन ब्लांक ही वाइनची द्राक्षं लावली. आण्णा एवढंच म्हणाले, ‘‘बियाची द्राक्षं खाणार कोण रे?’’

गोम तिथंच होती. वाइनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल आणि आत बिया. मार्केटला त्याला गिऱ्हाईक नाही, बेदाणाही होत नाही. घेणारा एकच, करारवाला. 2008 मधल्या मुंबईवरच्या 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं रिकामी पडली, वर जगभरची मंदी. 2009 च्या हंगामात आमच्या कंपनीनं टाक्या भरलेल्या आहेत म्हणून कळवलं आणि फोन उचलणं बंद केलं. शिराझ चोवीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) येऊन वेलीवर सुकली. आजूबाजूला कित्येकांनी बागा उपटल्या. मी दोन एकर उपटली, उरलेली उपटायला मजुरी नव्हती म्हणून राहिली. आमच्या उद्योगाचा पाया हा असा!

परवाना, कर्ज, स्टीलच्या टाक्या, चिलर यांची कहाणी सगळ्यांची सारखीच, ती सोडतो. एक सांगतो. आम्हाला वाटायचं, अवघड भाग वाइन करणं. अवघड निघालं ती विकणं. प्रत्येक राज्याचं लेबल नोंदणी शुल्क वेगळं, कर वेगळा, नियम वेगळे. पेठच्या पुढं थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द, तिथं दारूबंदी. माझ्या अनुभवात दुसऱ्या राज्यात पेटी पाठवण्यापेक्षा लंडनला पाठवणं कमी कटकटीचं. शिवाय आपल्याकडचा मे महिना. एका वितरकानं माल पत्र्याच्या गोदामात ठेवला. बुचं वर आली, आतली वाइन उकडलेल्या जांभळासारखी लागत होती. एकशे चाळीस पेट्या परत आणल्या आणि पुढच्या वर्षीपासून बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावलं.

मार्च 2018 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या प्रोवाइन प्रदर्शनाला गेलो. तिथं एक वयस्क खरेदीदार आमची शेनिन बराच वेळ तोंडात घोळवून म्हणाला, ‘‘तुमची वेल झोपते कधी?’’ त्यांच्याकडं हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात उठते, शरदात द्राक्ष येतं. आमच्याकडं ती झोपतच नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून पावसाळाभर काडी तयार करायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून फळ धरायचं आणि जानेवारी ते मार्च, थंड रात्री असेपर्यंत, तोडायचं. फेब्रुवारीत ऊन चढलं की आंबटपणा भराभर उतरतो, म्हणून तोडणी पहाटे बॅटरी लावून. माझ्या मोडक्या इंग्रजीत हे सगळं सांगितलं. माणूस वही काढून लिहीत होता. मग दुसरा प्रश्न आला: ‘‘पुढच्या वर्षीही अशीच लागेल?’’ मी हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

इंग्लंडला तीन वर्षं माल गेला. बहुतेक भारतीय जेवणाच्या हॉटेलांत, तंदुरीच्या शेजारी. त्यात कमीपणा नाही, पण तिथल्या दुकानाच्या फळीवर, चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या शेजारी बसायचं तर दरवर्षी तीच चव आणि मुबलक माल लागतो. आमच्याकडं नोव्हेंबर 2023 मध्ये गारपीट झाली आणि निम्मी बाग घडांसकट झोडपली गेली. तिथल्या खरेदीदाराला गारपीट म्हणजे काय हे फोटो पाठवून सांगावं लागलं. त्यानं सहानुभूती दाखवली आणि दुसरीकडून माल घेतला.

गंमत म्हणजे त्याच 2023 मध्ये जगातलं वाइन उत्पादन 1961 नंतरचं सर्वात कमी होतं, आणि तरी फ्रान्सचं सरकार शिल्लक वाइन नष्ट करण्यासाठी वीस कोटी युरो बाजूला काढत होतं. कारण पिणारेच कमी झालेत. ऑस्ट्रेलियाच्या वाइनवर चीननं जबर शुल्क लावलं होतं, त्यांच्या टाक्या तुंबल्या. अशा वेळी सगळ्यांची नजर आपल्याकडं वळते. डिसेंबर 2022 मध्ये भारताचा ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू झाला. पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं दीडशे टक्के आयात शुल्क शंभरावर आलं, दहा वर्षांत पन्नासावर येणार. हिशेब सोपा आहे. पाच डॉलरची जी बाटली शुल्कासकट साडेबारा डॉलरला पडायची ती साडेसातला पडेल, म्हणजे थेट आमच्या रिझर्व्ह शिराझच्या पंगतीत. पंधरा डॉलरच्या वरच्यांना तर अखेरीस पंचवीसच टक्के. मी वर्षानुवर्षं जगाच्या बाजारात जायची तयारी करत होतो; जगाचा बाजारच आता नाशिकच्या वाइन शॉपात येऊन उभा राहतोय.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा राज्य सरकारचा निर्णय झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. विरोध झाला, निर्णय अमलात आलाच नाही. आण्णा त्या दिवशी खूश होते की नाराज, त्यांनी कळू दिलं नाही.

सध्या निर्यात थांबवली आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं येतात, बाग बघतात, चाखतात, पेटी घेऊन जातात. निम्म्याहून जास्त विक्री आता दारातच होते. शिराझ वाढवायची नाही असं ठरवलंय. शेनिन मात्र आणखी एक एकर लावतोय, कारण आमच्या मातीत ती गारपिटीनंतरही लवकर सावरली.

तोडणी कधी करायची यासाठी माझ्याकडं रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे, लॅबचा रिपोर्ट येतो. तरी जानेवारीच्या शेवटी आण्णा सकाळी बागेत चक्कर मारतात, एक मणी तोंडात टाकतात, बी दाताखाली फोडतात आणि हातावर थुंकून तिचा रंग बघतात. हिरवी असली की, ‘‘आठ दिवस थांब.’’ तपकिरी असली की काहीच न बोलता मजुरांना फोन लावतात.