आमची वाटचाल : गोव्याचा हिशेब थरच्या वाळवंटात चालत नाही

आमचे बस्तान गोव्यात फोंड्याला, काम सौरविजेवर चालणाऱ्या घरांचे. सुरुवातीची कामे सत्तरी-सांगेकडच्या कुळागरांतली (सुपारी-नारळाच्या बागांतली) : एकटी घरे, शिंपण्याचे पंप, राखणदाराची खोली, जिथे विजेचे खांब आणणे परवडत नाही. पुढे पर्यटनधंद्यातल्या गिऱ्हाइकांनी जैसलमेरकडे जागा घेतल्या आणि थरमधली ग्रिडविना (बाहेरच्या वीजजोडणीशिवायची) घरे हाच आमच्या कामाचा मोठा भाग झाला.

ऊन दोन्हीकडे भरपूर. गोव्यात सामान खातो तो दमटपणा आणि खारा वारा. थरमध्ये उष्णता आणि धूळ. हवा ४५ अंशांवर असली की पॅनेलचे सेल ७० अंशांपर्यंत तापतात. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे ५४० वॉटचे पॅनेल ऐन दुपारी ४५०च्या आसपास येते. म्हणून पॅनेल छताला चिकटवत नाही, खालून फूटभर वारा खेळता ठेवतो. उतार गोव्यात १५ अंश, तिथे २७.

थंडीत प्रकरण उलटे होते. गार पॅनेलचा व्होल्टेज चढतो. ४९ व्होल्टची तीन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, लावली की १४७ होतात. आपल्या किनारपट्टीवर १५० व्होल्टच्या चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बेताने बॅटरीत भरणाऱ्या यंत्रावर) हे कसेबसे निभावते. जानेवारीच्या पहाटे जैसलमेरला पारा ५ अंशांवर उतरला की तीच माळ १५५वर जाते आणि पहिल्या उन्हाला कंट्रोलर जळतो. अशी जळीत वॉरंटीतही बसत नाही. तिथे दोनच पॅनेल सिरीजमध्ये, मग अशा जोड्या समांतर.

बॅटरी हा खरा नाजूक भाग. लेड-ॲसिडचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला जवळजवळ निम्मे होते. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त सोसते, पण ४५ अंशांच्या वर अशा अनेक बॅटऱ्यांचे बीएमएस (बॅटरीतले राखण करणारे सर्किट) चार्जिंगच तोडते, तेही वीज सर्वांत जास्त येत असताना. बॅटरीची खोली घराच्या उत्तरेला, जाड दगडाची, अर्धी जमिनीत उतरवलेली हवी. इन्व्हर्टर तिच्यात ठेवायचा नाही. तो स्वतःच खोली तापवतो.

हे सगळे पाहता आम्ही आता घराचा नकाशा बघितल्याशिवाय पॅनेलचे कोटेशन देत नाही. दीड टनी एसीला दीड हजार वॉट लागतात, पाण्याच्या कूलरला दोनशेच्या आत भागते. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर सत्तावीसपर्यंतची हवा देतो (गोव्यात तोच कूलर खोलीत फक्त ओल वाढवतो). पण तासाला पाच-सात लिटर पाणी जाते, आणि पाण्याचाच तर तिथे खरा तुटवडा. म्हणून आधी दीड फुटी दगडी भिंती, छतावर मातीचा थर आणि पांढरा चुना, मध्ये चौक, लहान खिडक्या. त्या दिवसा बंद आणि रात्री उघड्या. एवढे केले की कूलर दुपारचे चार-पाच तासच लागतो. त्याला बोअरचे खारे पाणी चालते, मात्र टाकी दर आठवड्याला रिकामी करावी, नाहीतर जाळीवर क्षार बसून हवा कोंडते.

पिण्यासाठी टांका, म्हणजे जमिनीखालची बंद टाकी. कमी पावसाच्या वर्षी १५० मिलिमीटर धरा : शंभर चौरस मीटर छतावरून गळती-वाफ वजा जाता बारा हजार लिटर. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला रोजचे पन्नास लिटर, म्हणजे आठ महिने. उरलेल्या चार महिन्यांसाठी अंगणाला उतार देऊन तेही पाणी टांक्यात घ्यावे लागते. इतक्याच छतावर आपल्याकडे दोन लाखांहून जास्त लिटर पडतात, त्यामुळे आमच्या गोव्यातल्या गिऱ्हाइकांना हा काटेकोरपणा कंजूषपणा वाटतो.

पॅनेल पहाटे, काच गार असताना, मऊ कोरड्या ब्रशने झाडायचे. खाऱ्या पाण्याने धुतले की पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट. वादळानंतर एमसी४ जोड (पॅनेलच्या वायरी जोडणारे प्लग) हाताने चाचपून बघावेत : क्रिम्प, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेली पिन, सैल असेल तर जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागतो, आणि तसाच राहिला तर वितळतो. काम सोपवताना आम्ही जास्तीचे जोड, डीसी फ्यूज, क्रिम्पिंगचा पक्कड आणि कूलरचा एक पंप तिथेच ठेवतो; हे सुटे भाग कोटेशनमध्येच धरलेले असतात.