कुईंब्राला कोण हाय तुमचं?

"लेक अमेरिकेत, अन् तुम्ही पोर्तुगालला जाऊलालाव? तिथं कोण हाय तुमचं?"

शेजारच्या अक्कांचा प्रश्न रास्त आहे. मी पोर्तुगालच्या कुईंब्रा शहरात राहायला निघालेय, आणि तिथं माझं कुणीच नाही. भाची तिथं पीएचडी करत होती, तीही आता लिस्बनला गेली.

गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे राहून आले. एका संध्याकाळी फादू, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकायला गेलो. काळे झगे घातलेले तरुण गिटारीवर गात होते. गाणं संपल्यावर मी सवयीनं टाळी वाजवली, तर शेजारच्या आजींनी माझा हात धरला आणि स्वतः घसा खाकरला. कुईंब्राच्या फादूला जुन्या रिवाजाप्रमाणे खोकून दाद देतात! मी ३१ वर्षं केमिस्ट्री शिकवलं. फळ्याकडे वळले की मागून पोरं खोकायची. ती दाद होती असं आता समजायला हरकत नाही.

मे महिन्यातच तिथल्या विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव असतो. त्याचं नाव 'फिती जाळणे'. फीत हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलाय. पाव, बटाटा, पगारही.

विद्यापीठ १२९० सालचं, कुईंब्रात कायमचं आलं १५३७ ला. ते टेकडीच्या डोक्यावर आणि गाव त्याच्या अंगाखांद्यावर. आपलं सोलापूरचं २००४ चं, पार गावाबाहेर केगावला. निवृत्त झाले आणि पोरांचा कलकलाट कानावर पडायचा थांबला. तिथं तो बेकरीत, बसस्टॉपवर, जिन्यात पुन्हा ऐकू आला. माझं जाण्याचं कारण एवढंच आहे, आणि अक्कांना ते अजून पटलेलं नाही.

पैशांचं गणित जेमतेम बसतं. तिथं राहायला जाण्यासाठीच्या डी-७ व्हिसाला पेन्शन, भाडं असं बसल्या जागी येणारं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाएवढं लागतं. २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं. माझी पेन्शन आणि खालच्या मजल्याचं भाडं मिळून तेवढं होतं. शिवाय भाडेकरार, विमा, पोलिसांचा दाखला. दाखल्याच्या रांगेत सगळी विशीतली पोरं, आणि मधे मी!

गुडघ्यांचा प्रश्न आहेच. वरच्या गावात जाणाऱ्या एका जिन्याचं नावच 'केब्रा कोश्ताश', म्हणजे पाठमोडी. म्हणून घर खाली मोंदेगु नदीकडं शोधतेय. हिवाळ्यात तिथली घरं आतून गारठतात, हीटर सगळीकडं नसतो. दोन सोलापुरी चादरी बॅगेत आधीच गेल्यात. वजन गेलं खड्ड्यात.

खरी मेख गड्ड्याची, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेची. तिथं राहण्याचा पहिला परवाना दोन वर्षांचा, त्यात सलग ६ किंवा तुटक मिळून ८ महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही. कॅलेंडर घेऊन बसले. दोन संक्रांती, दोन्ही वेळा नंदीध्वज, पुढं हुरडा संपेपर्यंत मुक्काम, असे तीन महिने. उरले पाच. ते एप्रिल-मेत वापरायचे नाहीत, हे मात्र अक्कांनाही मान्य.

"अन् नळाला पाणी आलं की टाकी कोण भरणार?"

मी चावी त्यांच्या हातात ठेवली. चावी हा शब्दही तिकडचाच आहे म्हटलं.

"मग भाषेचं अर्धं काम झालं की ओ," म्हणाल्या, आणि चावी कमरेला खोचून आत गेल्या.