बॅटरीच्या प्रकल्पासाठी कर्ज मिळवताना

गेल्या वर्षी आमच्या पुण्यातील छोट्या कंपनीला परराज्यातील एका वीज वितरण कंपनीसाठी ५० मेगावॉट / १०० मेगावॉट-तास क्षमतेचा, म्हणजे ५० मेगावॉट वीज सलग दोन तास देऊ शकणारा, बॅटरी साठवण प्रकल्प उभारण्याचे काम मिळाले आणि बँकेकडून कर्ज मंजूर करून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. सौर प्रकल्पांची कर्जे मी पूर्वी करून घेतली होती, म्हणून तीन महिने पुरतील असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सात लागले.

पहिल्याच बैठकीत बँकेच्या मुख्य व्यवस्थापक मॅडमनी विचारले, "सौर प्रकल्प वीज तयार करून विकतो. तुमची बॅटरी तर शंभर युनिट घेऊन पंच्याऐंशीच परत देते. मग हप्ते कशातून फेडणार?" प्रश्न रास्त होता. मी कराराचे पान उघडून दाखवले. दुपारी सौर वीज मुबलक असताना चार्जिंगची वीज वितरण कंपनीच देणार आणि संध्याकाळी मागणी चढली की परत घेणार. आम्हाला मिळणार ते क्षमतेचे शुल्क, प्रति मेगावॉट दरमहा सव्वादोन लाख रुपये, म्हणजे वर्षाला साडेतेरा कोटी, आणि तेही सलग बारा वर्षे. "म्हणजे माल त्यांचा आणि गोदामाचे भाडे तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. पुढे त्यांच्या टिपणीतही 'गोदाम' हाच शब्द आला.

परंतु गोदाम दरवर्षी आकसत नाही, बॅटरी आकसते, आणि आमचे खरे महिने गेले ते इथे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलची क्षमता वापरागणिक घटते, तर करारानुसार ९५ टक्के उपलब्धता राखावी लागते आणि कमी पडलेल्या क्षमतेवर शुल्काच्या दुप्पट दंड बसतो. बँकेने नेमलेल्या अभियंत्याने आमचा हिशेब दोनदा परत पाठवला. सातव्या वर्षी नवे सेल जोडू, तोवर ते आणखी स्वस्त होतील, असे आम्ही मांडले होते. उद्याच्या भावावर आजचे कर्ज देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अखेर पाच मेगावॉट-तासांचे बॅटरीचे वीसऐवजी चोवीस कंटेनर सुरुवातीलाच धरले, नफा कमी झाला आणि हिशेब मान्य झाला. त्यांचे म्हणणे बरोबर होते, असे मला आजही वाटते. २०२२ साली केंद्राच्या सेकी (सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) कंपनीच्या बॅटरी साठवणुकीच्या निविदेत प्रति मेगावॉट दरमहा १०.८४ लाखांचा दर आला होता. २०२४ अखेरीस राजस्थानात तो २.२१ लाखांवर उतरला. सेल स्वस्त झाले आणि सरकारी निधी मिळू लागला ही त्याची खरी कारणे आहेत, पण ही झीज न मोजता कोणी दर भरत असेल, तर त्याचा प्रकल्प अडकल्यावर बँका आम्हा सर्वांनाच दारातून परत पाठवतील.

निधीचा उपयोग झालाच. केंद्राच्या २०२५ च्या योजनेतील प्रति मेगावॉट-तास १८ लाखांप्रमाणे आमच्या वाट्याला १८ कोटी येतात. मात्र हे पैसे हाती पडेपर्यंत बँक ते स्वभांडवल मानायला तयार नव्हती, त्यामुळे प्रवर्तकांना तेवढी सोय आधी करावी लागली. वितरण कंपनीने देयके थकवली तर काय, या शंकेवर २०२२ च्या विलंब अधिभार नियमांनी मोठा आधार दिला, कारण थकबाकीदार कंपनीला बाजारातून अल्पकालीन वीज घेण्यावर त्यात निर्बंध आहेत. खासगी पैसा या क्षेत्रात यावा असे ज्यांना वाटते, त्यांनी या नियमांची अंमलबजावणी कधीही सैल पडू देऊ नये.

मंजुरीपत्रातली शेवटची अट मात्र कोणाच्याच तक्त्यात नव्हती. एकेका कंटेनरचे वजन चाळीस टनांच्या पुढे आणि प्रकल्पाच्या जागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनी दगडी मोरी. मी अभियंत्यांबरोबर तिच्याखाली उतरलो, तेव्हा कमानीच्या मधल्या दगडांतला चुना बोटाने निघत होता. मोरीला आतून काँक्रीटचा आधार दिला, भारक्षमतेचा दाखला घेतला आणि तो बँकेत पोहोचल्यावर पाचव्या दिवशी कर्जाची पहिली रक्कम खात्यात जमा झाली.